रस मागाहून येतो

१९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांच्या हाताला काम नव्हतं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची गाइड-लेक्चररची जागाच रद्द झाली होती. मुंबईतला खर्च झेपेना, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. कोकणातल्या माणसाला सुगरणीच्या खोप्याचं काय अप्रूप? माडाला, बाभळीला लटकलेले खोपे येता-जाता सगळेच पाहतात. सालिम अलींनी वेगळं केलं ते एवढंच, की येता-जाता पाहण्याऐवजी आडोसा करून ते तिथे बसले, आणि पावसाळाभर बसत राहिले.

त्या बसण्यातून जे हाती लागलं, ते पुढच्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. घरटं विणतो तो नर. अर्ध्यावर आलं की तो थांबतो. मग माद्या पाहणीला येतात, आत शिरतात, ओढून-ताणून बघतात आणि पसंत नसेल तर सरळ निघून जातात. एखादीने ताबा घेतला, की मगच नर ते पुरं करतो आणि येण्या-जाण्याची लांब नळी विणतो. ती अंड्यांवर बसली, की हा गडी शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसरीसाठी! हा सगळा संसार दिवसाढवळ्या, माणसांच्या डोळ्यांसमोर चाललेला होता.

सालिम अलींना पक्ष्यांचं वेड होतंच, तेव्हा त्यांचं लक्ष लागलं यात नवल काय, असं कुणी म्हणेल. पण त्या खोप्यांमध्ये एवढी भानगड आहे, हे तिथे बसण्याआधी त्यांनाही ठाऊक नव्हतं. ‘आवड असली की लक्ष लागतं’ हे आपण मुलांना इतक्यांदा ऐकवतो, की त्याची दुसरी बाजू ध्यानातच येत नाही. पुष्कळदा लक्ष आधी द्यावं लागतं आणि आवड त्यामागून, जरा उशिराच येते. तोवर थांबायचं कसं, हाच खरा व्यवहारातला प्रश्न आहे. इच्छाशक्ती त्यात असतेच, पण तिच्यापेक्षा जास्त काम काही साध्या युक्त्या करतात.

त्याआधी एक गैरसमज निकालात काढायला हवा. माणसाचं लक्ष आता आठ सेकंदांवर आलंय, गोल्डफिश माशापेक्षाही कमी, असा मजकूर अधूनमधून मोबाइलवर फिरत असतो. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेने २०१५ साली काढलेल्या एका अहवालातून ही आकडेवारी गाजली. तिच्यामागे कुठलंही धड संशोधन सापडत नाही, माशाच्या बाबतीतही नाही. आणि रोजचा अनुभव काय सांगतो? धड्याचं एक पान वाचताना तीनदा उठणारा मुलगा भारत-ऑस्ट्रेलिया सामना पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत जागचा न हलता पाहतो. लक्ष संपलेलं नाही. ते कुठे आणि का टिकतं, हे पाहिलं पाहिजे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९०च्या आपल्या मोठ्या ग्रंथात याचं उत्तर देऊन ठेवलं आहे, आणि सव्वाशे वर्षांनंतरही ते जुनं झालेलं नाही. ज्या गोष्टीत काहीच बदलत नाही तिच्यावर ठरवून लक्ष द्यायचं म्हटलं, तर ते काही सेकंदांपलीकडे कुणालाच जमत नाही, असं तो सांगतो. आपण ज्याला दीर्घ एकाग्रता म्हणतो ते प्रत्यक्षात त्याच विषयाकडे पुन्हा पुन्हा परतणं असतं. आणि परतल्यावर तिथे काही नवं दिसलं नाही, तर मन पुन्हा निघून जातं. इथे जेम्स हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचा दाखला देतो. एका वस्तूवर लक्ष टिकवायचं, तर तिच्याबद्दल सतत नवे प्रश्न शोधत राहावं लागतं, हे हेल्महोल्ट्झला स्वतःच्या प्रयोगांमधून उमगलं होतं.

म्हणजे पुस्तकासमोर बसून ‘लक्ष दे, लक्ष दे’ असं मनाला बजावण्याने काही होत नाही. प्रश्न लागतो. इतिहासाचं प्रकरण उघडताना ‘हे वाचून संपवायचं’ असं ठरवलं, तर डोळे ओळींवरून नुसते घसरतात. त्याऐवजी ‘पानिपतावर मराठा सैन्याची रसद नेमकी कुठे तुटली?’ एवढं मनात घेऊन तेच प्रकरण उघडावं. आता प्रत्येक परिच्छेदाला काहीतरी विचारता येतं. नापास होण्याच्या भीतीने पान उलटतं, पण डोक्यात काही राहत नाही. नेमका प्रश्न हाताशी असला की वाचलेलं टिकतं.

थांबण्याचं फळ किती उशिरा मिळतं, याचा एक सुंदर दाखला हार्वर्ड विद्यापीठातल्या कलेतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स यांनी दिला आहे. त्या आपल्या विद्यार्थ्यांना संग्रहालयात जाऊन एकाच चित्रासमोर सलग तीन तास बसायला सांगतात. मुलं आधी हबकतात. एका चित्रात तीन तास पाहायचं तरी काय? रॉबर्ट्स यांनी स्वतः जॉन सिंगलटन कॉप्ली याच्या १७६५ सालच्या, पाळीव उडती खार घेऊन बसलेल्या मुलाच्या चित्रासमोर हा प्रयोग केला. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या फरची कड यांतलं साम्य दिसायला त्यांना नऊ मिनिटं लागली. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर आणि समोरच्या पाण्याच्या पेल्याचा व्यास सारखाच आहे, हे एकविसाव्या मिनिटाला लक्षात आलं. मागच्या पडद्याच्या चुण्यांमध्ये मुलाचा कान आणि डोळा पुन्हा उमटले आहेत, हे दिसायला पाऊण तास गेला. आणि ही बाई व्यवसायाने चित्रंच पाहते!

यातली नऊ मिनिटं ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. आपण बहुतेक कामं नेमकी त्याआधीच सोडतो. पहिली पाच-दहा मिनिटं रुक्ष असतात. तेव्हा हटकून तहान लागते, टेबल आवरावंसं वाटतं, कुणाला तरी फोन करायचा राहिलाय असं आठवतं. त्या मिनिटांवरून ‘आपल्याला हे जमत नाही’ किंवा ‘हा विषयच कंटाळवाणा आहे’ असा निवाडा करणं म्हणजे तानपुरा लावून होण्याआधीच मैफल पडली म्हणून उठून जाण्यासारखं आहे. काम हाती घेतल्यावर निदान पंधरा मिनिटं त्याबद्दल कसलंही मत बनवायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ फरक पडतो.

सराव कशावर करावा? अभ्यासाच्या किंवा कार्यालयीन कामावर नको. तिथे आधीच धास्ती असते. ज्यात हरण्यासारखं काही नाही अशा गोष्टीपासून सुरुवात करावी, आणि त्यासाठी गाणं फार सोयीचं. गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ ही ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, हे अनेकांना माहीत असतं. ती आहे जेमतेम साडेतीन मिनिटांची आणि इंटरनेटवर सहज ऐकायला मिळते. हातात दुसरं काहीही न घेता ती एकदा ऐकावी. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त तबल्याकडे कान द्यावा आणि सम कुठे येते ते पकडावं. मात्रा मोजता येत नसल्या तरी सम कानाला कळते. तिसऱ्या खेपेला बाई श्वास कुठे घेतात ते शोधावं. हे सापडता सापडत नाही, आणि शोधता शोधता तानेचा पल्ला किती लांब आहे ते कळून माणूस चाट पडतो. दर खेपेला मुद्रिका तीच असते, पण कानाचा प्रश्न नवा असतो. आठवड्याभराने एखादा विलंबित ख्याल अर्धा तास ऐकायला बसावं. पूर्वी जो ‘नुसता आ-ऊ’ वाटत होता, त्यात आता घडामोडी ऐकू येतात. गाण्याचा कंटाळा असेल त्याने गॅलरीतून दिसणारं एखादं झाड घ्यावं, बुद्धिबळाचा एखादा गाजलेला डाव घ्यावा, आजीची विणलेली गोधडी घ्यावी. काहीही चालेल, फक्त त्यात पाहण्यासारखं भरपूर हवं.

आता कामाकडे वळू. मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांना एकच विचारलं: काम करताना तहानभूक विसरायला होतं, तेव्हा नेमकं काय घडत असतं? पुढे त्याने साध्या नोकरदारांच्या खिशात पेजर दिले. पेजर वाजला की त्या क्षणी काय करताय आणि कसं वाटतंय ते लिहायचं. १९९० साली आलेल्या ‘फ्लो’ या त्याच्या पुस्तकाचा गाभा असा: काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपं असलं की कंटाळा येतो, फार अवघड असलं की धास्ती वाटते, आणि कुवतीला जरासा ताण देणारं असलं की तंद्री लागते. शिवाय पुढची पायरी स्पष्ट असावी लागते आणि जमतंय की नाही ते तिथल्या तिथे कळावं लागतं. त्या पेजरच्या नोंदींमधून आणखी एक गमतीची गोष्ट बाहेर आली. अशी तंद्री लोकांना फुरसतीपेक्षा कामावर असताना जास्त वेळा लागत होती, आणि तरीही कामावर असताना त्यांना दुसरंच काहीतरी करावंसं वाटत होतं.

हे सूत्र घरी वापरता येतं. गणितात लक्ष लागत नाही म्हणणाऱ्या मुलाला बहुधा एक तर येणारीच गणितं पुन्हा पुन्हा सोडवायला दिलेली असतात, नाहीतर थेट प्रश्नपत्रिकेतली शेवटची. मधली, म्हणजे दहातली सहा-सात सुटतील अशी गणितं शोधून देणं हे पालकांचं किंवा शिक्षकांचं काम आहे, आणि ते ‘मन लावून कर’ म्हणण्यापेक्षा कष्टाचं आहे. उत्तर लगेच ताडून पाहता आलं पाहिजे. वही तपासून चार दिवसांनी मिळाली तर उपयोग नाही. उलट काम फारच सोपं आणि एकसुरी असेल, भांडी घासणं, नोंदी भरणं, कांदा चिरणं, तर ते आपणच किंचित अवघड करून घ्यावं. सगळे तुकडे एकसारखे येतात का बघावं. एका नोंदवहीत एकही खाडाखोड न होता पान पुरं होतं का बघावं. तबला शिकणारा विद्यार्थी तोच कायदा ठायीत, मग दुगणीत, मग चौगणीत वाजवतो, तेव्हा तो हेच करत असतो.

फोनबद्दल न लिहून भागणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क गेली वीसेक वर्षं कार्यालयांमध्ये माणसं पडद्यासमोर कशी वागतात याच्या नोंदी घेत आल्या आहेत. २००४च्या सुमारास एका पडद्यावर माणूस सरासरी अडीच मिनिटं थांबत होता. अलीकडच्या मोजमापात ही सरासरी ४७ सेकंदांवर आली आहे. पण त्यांचं दुसरं निरीक्षण अधिक बोचरं आहे. कामात येणाऱ्या व्यत्ययांपैकी निम्म्याच्या आसपास व्यत्यय बाहेरून येत नाहीत, माणूस स्वतःच काम सोडून दुसरीकडे जातो. म्हणून ‘फोन सायलेंटवर ठेवलाय’ हे उत्तर अपुरं आहे. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ भागातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं शांततेसाठी महिन्याला पैसे भरून जागा घेतात, आणि त्या विकत घेतलेल्या शांततेत अनेकांच्या मांडीवर फोन असतो. तो दुसऱ्या खोलीत, निदान कपाटातल्या बॅगेच्या तळाशी हवा. नुसता टेबलावर पडलेला बंद फोनही बुद्धीवर भार टाकतो, असं २०१७ साली टेक्सासमधल्या एका प्रयोगात दिसलं होतं. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांमध्ये तेवढा परिणाम दिसला नाही, तेव्हा त्या दाव्यावर फार भिस्त ठेवायला नको. पण उठून दुसऱ्या खोलीत जावं लागणार असेल तर हात आपसूक फोनकडे जात नाही, एवढं पुरेसं आहे.

एका कामातून दुसऱ्यात उडी मारली, की पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळतो आणि दुसरं काम अर्ध्या मनाने होतं, हे सोफी लेरॉय या संशोधक महिलेने २००९ साली दाखवलं. त्यावरचा उपायही तिनेच पुढे शोधला, आणि तो अगदी फुकट आहे. मध्येच उठावं लागलं तर ‘कुठवर आलं आणि आल्यावर पहिलं काय करायचं’ हे एका ओळीत लिहून उठावं. मिनिटभराचं काम. परत येणं सोपं होतं आणि तोवर मनही मोकळं राहतं.

किती वेळ बसावं, यावर मतं अनेक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला काळजी पडली होती की रडारवर नजर ठेवणारी धडधाकट, हुशार माणसं पाणबुड्यांच्या खुणा चुकवतात कशा? मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थने त्यासाठी एक घड्याळ बनवलं. काटा टप्प्याटप्प्याने सरकायचा आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारायचा. ती उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या. एकसुऱ्या पहाऱ्याचं काम असेल तर अर्ध्या तासाने उठणं शहाणपणाचं. फ्रांचेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून २५ मिनिटांचा जो डाव काढला, तो आज जगभर वापरला जातो. काम सुरूच होत नसेल तेव्हा तो उत्तम. पण तंद्री लागलेली असताना घंटा वाजली म्हणून उठणं हा शुद्ध वेडेपणा; तेव्हा घड्याळ उलटं ठेवावं. आणि विश्रांती म्हणजे विश्रांती. उठून पाणी प्यावं, खिडकीबाहेर बघावं, दोन जिने उतरून यावं. दहा मिनिटं रील पाहणं ही विश्रांती नव्हे, ती डोळ्यांना आणि मेंदूला दिलेली वेगळी मजुरी आहे.

एवढं करूनही मन भरकटणारच. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस साधकांना फक्त नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायला सांगतात. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या लक्षात येतं की चार श्वाससुद्धा सलग पाहता येत नाहीत. तिथली सूचना साधी असते: मन गेलं हे कळलं की न चिडता परत आणायचं. आत्मताडन नाही, ‘माझंच मन असं’ हा शोक नाही. शिबिराला जाणं न जाणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ही सूचना कुणालाही घरबसल्या उपयोगी पडते. भरकटण्यापेक्षा भरकटल्याबद्दल स्वतःला दोष देण्यातच पुष्कळांचा जास्त वेळ जातो.

इथवरचे सगळे उपाय स्वतःची खोली आणि स्वतःचा वेळ असणाऱ्यांचे आहेत, असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. ज्या बाईला दर पाच मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं, तिने एकाग्रतेवरचे लेख वाचून काय करायचं? तिच्या घरातल्यांनी ते वाचावेत. दिवसातला एक तास आईला किंवा सूनबाईंना हाक मारायची नाही, दार वाजलं तर दुसऱ्याने उघडायचं, कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्याने मोजायच्या, असं घराने ठरवावं. एका खोलीच्या घरातही हे होऊ शकतं. मुलांच्या दहावी-बारावीत सगळं घर टीव्ही बंद ठेवतंच की.

काही वेळा मात्र युक्त्यांनी भागत नाही. अपुरी झोप, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, नैराश्य यांतही लक्ष लागत नाही. काही मुलांना लहानपणापासूनच एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणारा विकार, असतो. तो आळस नव्हे आणि संस्कारांची कमतरताही नव्हे. घरी, शाळेत, खेळताना, सगळीकडेच आणि महिनोन्‌महिने हाच त्रास होत असेल, किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींमध्येही मन रमेनासं झालं असेल, तर डॉक्टरांना भेटावं. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांनी आज रात्री केसरबाईंची ती साडेतीन मिनिटं तीनदा ऐकावीत. उद्या, ज्या विषयाची सर्वांत जास्त टाळाटाळ चालली आहे त्याचं एक पान उघडावं, कागदावर एकच प्रश्न लिहावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि पंधरा मिनिटं मत न बनवता बसावं.